मर्सिडीज, मुक्काम अर्जुनी मोरगाव

अर्जुनी मोरगावात लोक जीप विकत घेतात असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. इथे जीप जमवतात. चेसिस कुठल्या तरी लिलावातून येते, बॉडी कुणाच्या तरी गोठ्यातून, टायर रस्त्याच्या ठेकेदाराचे, हूडाचं कापड मंडपवाल्याकडून, आणि हॉर्न कुठून आला हे विचारायचं नसतं. दारात जीप उभी दिसली की परगावचा पाहुणा विचारतो, ‘केवढ्याला घेतली?’ गावातला माणूस विचारतो, ‘इंजन कोनतं टाकलं जी?’ जीपला स्वतःचं, जन्मजात इंजिन असू शकतं ही शक्यता त्याच्या मनाला शिवतच नाही.

जीपशिवाय इथे भागत नाही हेही खरं. तालुका धानाचा. मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे फक्त तलाठ्याच्या नकाशात कळतं. एकीकडे इटियाडोहचं धरण, दुसरीकडे नवेगावचा बांध, मध्ये कोहळी लोकांनी कैक पिढ्यांपूर्वी बांधलेले तलाव, आणि उरलेल्या जागेत बांध्या. त्या बांध्यांमधून पांदण जाते. कन्हार मातीची पांदण एकदा भिजली की तिच्यात शिरलेली गाडी पुढे जात नाही, मागे येत नाही. तिथेच वस्तीला राहते. चारही चाकं फिरवणारी गाडी ही आमच्याकडे चैनीची वस्तू नाही, ते शेतीचं अवजार आहे. फक्त त्या अवजाराला पेट्रोल लागायचं, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

जुनी जीप म्हणजे सीजे-३बी. तिच्या पोटातलं हरिकेन नावाचं इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं, स्वभावानं गरीब आणि पिण्याच्या बाबतीत श्रीमंत. पण या इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या मिस्त्रीची सगळी विद्या तिच्यात आली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलीडो गावी विलिस कंपनीचा कारखाना होता. तिथल्या लोकांना हे इंजिन जीपमध्ये घालायचं होतं, पण ते आधीच्यापेक्षा उंच. जुन्या बॉनेटखाली मावेना. मोठमोठे इंजिनीअर, मोठमोठे टेबल, त्यावर मोठमोठे कागद. शेवटी १९५३ साली त्यांनी काय केलं? बॉनेट उंच केलं. सीजे-३बीचं ते फुगलेलं नाक दिसतं ना, ते सौंदर्यासाठी नाही. आत इंजिन बसेना म्हणून पत्रा वर सरकवलेला आहे. म्हणजे ज्या गाडीत आमच्या गावानं नाही ती इंजिनं कोंबली, ती मुळात कोंबाकोंबीतूनच जन्माला आली होती.

पुढे महिंद्रांनी तेच केलं. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून त्यांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली, बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर आणला. मग १९७३ साली अरबांनी तेल महाग केलं, पेट्रोलचे भाव चढले, आणि कंपनीनं आपल्याच घरातलं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन उचलून जीपमध्ये ठेवून दिलं. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, २११२ सीसीचं, आणि १९८५च्या सुमारास ते बसवलेली ‘५४०’ रस्त्यावर आली. इतक्या मोठ्या कंपनीनं ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये टाकल्यावर, आमच्या गावात कुणी तसं केलं तर त्याला बह्याड म्हणायची सोयच राहिली नाही. तरी मामी म्हणाल्याच. पण त्याला अजून वेळ आहे.

आमच्या मामांची राइस मिल. विजेवर चालायची, आणि वीज गेली की डिझेल इंजिनावर. म्हणजे बहुतेक वेळ डिझेल इंजिनावरच. त्या इंजिनाच्या सहवासात मामांचं एक अर्थशास्त्र तयार झालं होतं. जे धडधडतं ते पैसा कमावतं, आणि जे गुपचूप चालतं ते पैसा खातं. पुराव्यादाखल ते विजेच्या मीटरकडे बोट दाखवत. त्यांची पेट्रोलवरची सीजे-३बी गुपचूप चालायची. मामांना तिचा संशय येऊ लागला.

१९९८ साल. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळायचं. शिवाय डिझेलवर गाडी लिटरमागे जास्त जाते. मामांनी मिलच्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब मांडला. पेट्रोलवर किलोमीटरला इतके, डिझेलवर इतके, फरक इतका. इंजिन बसवायचा खर्च भागिले फरक. उत्तर आलं: नागपूरच्या थोड्याशा खेपांत खर्च फिटतो, त्यापुढे सगळा नफा. त्या पानावर मामांनी वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली सही केली.

आता इंजिन कोणतं? हा प्रश्न मामांचा राहिला नाही, तो पानठेल्याचा झाला. तिथे लगेच तीन पक्ष पडले. इंटरनॅशनल पक्षाचं म्हणणं, ट्रॅक्टरचं इंजिन टाका, आजोबा गेले तरी ते जात नाही. विरोधक म्हणाले, त्याचे फेरे कमी, जीप ट्रॅक्टरच्याच चालीनं जाईल, मग मागे नांगरही लावून घ्या. प्यूजो पक्ष शिकलेला होता. त्यांचा मुद्दा एकच: कंपनीनं जे स्वतः बसवलं ते बसतंच. हा मुद्दा इतका बिनतोड होता की त्यावर कुणाला बोलताच येईना, आणि ज्यावर बोलता येत नाही तो पर्याय पानठेल्यावर टिकत नाही. राहिला मॅटाडोर पक्ष.

एक चौथा आवाजही होता, जोंगावाल्याचा. एका ठेकेदारानं जबलपूरहून लष्कराच्या लिलावातली जोंगा आणली होती. जोंगा हे नाव जबलपूरच्या तोफगाडीच्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आलेलं. गाडी मुळात जपानच्या निसानची, इंजिन जवळपास ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, पेट्रोलचं. सैन्याला पेट्रोल सरकार भरून देतं. ठेकेदाराला कोण देणार? ती जोंगा पेट्रोलपंपावरून निघायची आणि पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जायची. तिच्या मालकाचा सल्ला असा की कोणतंही टाका, पण डिझेल टाका, आणि माझ्याकडे पाहून टाका. हे सांगताना त्याचा आवाज भरून येई.

मॅटाडोर पक्ष जिंकला तो एका माहितीमुळे. बजाज टेम्पो कंपनी मॅटाडोरमध्ये जे इंजिन घालायची ते ओएम ६१६, चार सिलिंडरचं, २४०० सीसीचं, आणि ते बनवण्याचा परवाना तिनं जर्मनीच्या मर्सिडीजवाल्यांकडून घेतलेला होता. ही गोष्ट कुणीतरी मामांच्या कानावर घातली. मामा एकदम ताठ बसले. ‘म्हंजे आपली जीप मर्सिडीज होते?’ ‘आतून होते जी,’ मॅटाडोर पक्ष म्हणाला. त्या दिवसापासून मामांनी हिशोबाची वही उघडली, पण वाचली नाही.

मिस्त्री हा मितभाषी माणूस. त्याच्या व्यवसायाला दोनच क्रियापदं लागत. काम हातात घेण्याआधी ‘बसते’, आणि घेतल्यानंतर ‘टेकते’. मामांनी विचारलं, ‘मिस्त्री, मॅटाडोरचं इंजन जीपमंदी बसते का?’ मिस्त्रीनं जीपकडे पाहिलं, विडी पेटवली आणि म्हणाला, ‘बसते, मालक.’ मग त्यानं डिझेलचं शास्त्र सांगितलं आणि ते अगदी बरोबर होतं. पेट्रोलच्या इंजिनात प्लग ठिणगी टाकतो तेव्हा जाळ होतो. नाल्यात पाणी उडालं, वायर भिजली, की करंट गेला आणि गाडी गेली. डिझेलमध्ये प्लगचं काम नाही. हवा दाबून दाबून विसाव्या हिश्श्यावर आणायची, तिला अशी धग येते की डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेटतो. करंटच नाही तर भिजणार काय? नाल्यातून जाणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं आश्वासन कुणी दिलेलं नाही. मात्र एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड लागतो, जाड म्हणजे जड, आणि जड म्हणजे काय ते आम्हाला पुढे कळलं.

मिलच्या अंगणात चिंच होती. तिच्या फांदीला साखळी-कप्पी बांधली, आणि हरिकेन इंजिन अंतराळात गेलं. गावातली शाळा सुटायची वेळ. इंजिनाखाली उभं राहू नका असं ओरडून सांगणारी माणसं स्वतः इंजिनाखाली उभी होती. मामी दारातून पाहत होत्या. ‘चालत होता ना तो?’ एवढंच त्यांनी विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही. हरिकेन मिलच्या गोदामात बारदान्यावर नेऊन ठेवलं, आणि त्याच रात्री एका कोंबडीनं ते ताब्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅटाडोरचं इंजिन, नागपूरच्या कबाडी बाजारातून आणलेलं, कप्पीवरून हळूहळू खाली उतरलं. मिस्त्री जीपखाली आडवा झाला. बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग तो शब्द आला.

‘चेंबर टेकते, मालक.’

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात. मॅटाडोरला पुढचा अ‍ॅक्सल त्या जागी नसतो. जीपला असतो, आणि तिची पुढची चाकं त्याच अ‍ॅक्सलवर ओढतात. इंजिन जिथे बसायला हवं तिथे अ‍ॅक्सलचा गोळा. मिस्त्रीनं बाहेर येऊन कपाळ पुसलं आणि सर्वांत सोपा इलाज सुचवला: पुढचा अ‍ॅक्सल काढून टाकू, साधा डंडा बसवू.

‘मंग फोर बाय फोर कसाची?’ मामा ओरडले.

‘मागचे दोन चाक तं ओढतेतच ना. पुढचे दोन शोभेले.’

यात मिस्त्रीचा दोष नव्हता. त्या काळात कितीतरी चारचाकी ओढीच्या जीपांचा पुढचा दांडा मालकांनी डिझेल वाचावं म्हणून सोडवून घरात खाटेखाली ठेवलेला असे. गाडी फसली की घरी जाऊन दांडा आणायचा. चिखलात फसलेला माणूस तो चालत आणायला निघे, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं जीप पाहिली नाही. पण मामा ठाम राहिले. चार बाय चारची मर्सिडीज, नाहीतर काही नाही.

मग टेकण्यांचा मोसम सुरू झाला. चेंबर टेकतं म्हणून इंजिन वर घेतलं. वर घेतलं तर बॉनेट टेकतं. टोलीडोच्या इंजिनीअरांनी केलं तेच मिस्त्रीनं केलं, फक्त छिन्नीनं. इंजिन लांब म्हणून पंखा रेडिएटरला टेकतो. रेडिएटर पुढे ढकलला तर तो जाळीला टेकतो. मॅटाडोरचं इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स यांच्या तोंडांची भोकं जुळेनात, त्यासाठी मधली जाड प्लेट गोंदियाला लेथवर करून घेतली. ती प्लेट ट्रकनं पाठवली तर सडक अर्जुनीला उतरली. आमची अर्जुनी रेल्वेलाइनवरची, ती हायवेवरची; दोन्ही नावांतलं पहिलं-दुसरं बाहेरच्या माणसाला कधीच आठवत नाही, आणि जड वस्तू नेहमी चुकीच्या अर्जुनीला जातात. प्लेट आली तर क्लच कमी पडतो. क्लच बदलला तर फाउंडेशनचे रबर दबतात. डिझेलला सेल्फ मारायला मोठी बॅटरी लागते, ती तिच्या जागी मावत नाही, म्हणून ती मामींच्या सीटखाली गेली. एवढं वजन पुढे आल्यावर जीपनं नाक खाली घातलं. मिस्त्रीनं कमानीत दोन पाटे वाढवले, तर नाक इतकं वर गेलं की रात्री हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून मोहाच्या शेंड्यांवर पडायचा. त्या हंगामात आमच्या भागातल्या घुबडांनी जितका प्रकाश पाहिला तितका महावितरणच्या आधीच्या मंडळानं गावाला दिला नसेल.

दर नव्या खर्चानंतर मामा लाल वही उघडत आणि भागाकार पुन्हा करत. वाचणारा पैसा किलोमीटरमागे तेवढाच, खर्च मात्र वाढलेला, त्यामुळे तो फिटायला लागणारं अंतरही वाढत जाई. नागपूरच्या खेपांवरून गोष्ट मुंबईवर गेली. क्लचनंतर काशी आली. बॅटरीनंतर मामांनी मामींना जवळ बोलावून सांगितलं, ‘अवं, आपल्याले काशी-रामेश्वर करा लागते. दोनी.’ मामींना पहिल्यांदाच या प्रकरणात काही अर्थ दिसला. त्यांनी त्याच संध्याकाळी बॅग काढून ऊन दाखवलं.

मला त्या दिवसांत रुडॉल्फ डिझेलची गोष्ट वाचायला मिळाली होती. इंधनाची नासाडी पाहवेना म्हणून या माणसानं आयुष्य घातलं. १८९३ साली पेटंट, १८९७ साली ऑग्सबर्गला चालतं इंजिन. वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी काटकसरी. त्याच काटकसरी इंजिनाचा कर्ता पुढे कर्जात बुडाला, आणि १९१३च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन जहाजावरून एका रात्री नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. मी ही हकीकत मामांना सांगितली, त्यांनी थोडं सावरावं म्हणून. मामा विचारात पडले. मामी आतून म्हणाल्या, ‘त्याच्या बायकोनं वही मांगली असन.’

काम भंडारा जिल्ह्यात सुरू झालं होतं. ते गोंदिया जिल्ह्यात संपलं. जीप जागची हलली नव्हती. १ मे १९९९ला जिल्ह्याचेच दोन तुकडे झाले. मिस्त्रीच्या कामाचा वेग मोजायला यापेक्षा अधिकृत साधन मला माहीत नाही.

जीप पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा हीटर तापायची वाट पाहावी लागली. या इंजिनाला थंडीत सेल्फ मारण्याआधी हीटर तापवावा लागतो; मामांना वाट पाहण्याची सवय नव्हती, म्हणून ते तेवढ्यात एक हनुमान चालिसा म्हणत. डिसेंबरात दोन. मग सेल्फ, मग काळा धूर, मग तो आवाज. मिल बंद असूनही मिल सुरू झाली असं समजून एक जण धानाचं पोतं घेऊन आला. मामांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. धडधडत होतं ना!

बॉनेटवर मर्सिडीजची चांदणी हवी होती. झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक रंगवणारा पेंटर बोलावला. मामांनी कागदावर तीन टोकांची चांदणी काढून दाखवली. पेंटरनं ती पाहिली आणि त्याला मामांची दया आली. ‘मालक, तारा पाच टोकाचा रायते. दोन टोकं मी फुकट देतो.’ मामा बाहेर गेले होते तेवढ्यात त्यानं ती दिलीही. त्यामुळे आमची मर्सिडीज जन्मभर कुठल्या तरी अनोळखी पक्षाच्या प्रचारातली वाटत राहिली, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिला उगाच जेवणं मिळाली.

कायद्याचं सांगायचं तर मामा सरळ माणूस. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तसं कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते, तशी ती करायला ते जीप घेऊन गेले. तपासायला आलेले साहेब तरुण होते. त्यांनी चेसिस नंबर घासून पाहिला, इंजिनाचा नंबर उतरवला आणि म्हणाले, ‘बंद करा.’ मामांनी किल्ली काढून खिशात टाकली. इंजिन चालूच. साहेबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी इंजिनाकडे. गंमत अशी की या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. किल्ली काढा, बॅटरी काढा, ते चालतच राहतं. त्याचं डिझेल तोडायला एक वेगळी तार ओढावी लागते, तिला स्टॉप वायर म्हणतात, आणि आमची स्टॉप वायर वाटेत कुठेतरी टेकून तुटली होती. ‘जर्मन हाये साहेब,’ मामा म्हणाले, ‘एका सांगण्यात आयकत नाई.’ शेवटी टॉप गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून त्याचा गळा दाबला तेव्हा ते शांत झालं. साहेबांनी नोंद करून दिली. बहुधा पुन्हा यावं लागू नये म्हणून.

महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेत जीपचं पदार्पण झालं. डोंगराखाली एवढी गर्दी, पण मर्सिडीजला वाट करून द्यावी लागली नाही. आवाज पुढे जाऊन वाट करत होता. चढ तिनं असा चढला की पानठेल्यावरचे तिन्ही पक्ष एक झाले. खरं सांगायचं तर ती जीप झाली होती जबरदस्त. छोटा गिअर टाकला की चिखलातून, नाल्यातून, उभ्या बांधीच्या धुऱ्यावरून ती जायची, ट्रॅक्टर ओढून काढायची. एकदा तर फसलेल्या जोंगाला तिनं ओढलं, आणि जोंगावाला पुन्हा एकदा गहिवरला. फक्त आत बसलेली माणसं सुपात पाखडल्यागत वरखाली होत आणि उतरताना ज्या क्रमानं बसली होती त्या क्रमानं कधीच उतरत नसत.

तिचा एकच मोठा तोटा. नवेगावच्या ज्या जंगलात मारुती चितमपल्ली पाखरांच्या बोलीकडे कान लावून बसत, त्या जंगलात मामा पाहुण्यांना घेऊन वाघ दाखवायला निघत. ही मोहीम नेहमी अपयशी ठरे. वाघ तर सोडाच, आमच्या पाहुण्यांना त्या जंगलात माकडसुद्धा दिसलं नाही. मामांचं मत असं पडलं की जंगलात जनावरं उरलीच नाहीत, आणि हे त्यांनी वन खात्याच्या एका माणसाला तळमळीनं सांगितलंही. तो माणूस जीपकडे पाहत होता.

पण तिची खरी कीर्ती झाली ती मंडईच्या दिवसांत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री वडशाच्या कंपन्यांची नाटकं होतात, पहाटेपर्यंत. असंच एका गावी मामा नाटक पाहायला गेले. थोडा उशीर झाला होता. मंडपात चार हजार माणसं चिडीचूप, रंगमंचावर नायकाला गोळी लागलेली, आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मामांनी जीप मंडपामागे लावली. स्टॉप वायर ओढली. ती हातात आली. टॉप गिअर टाकून मारायला गेले तर मागे उसाच्या रसाचं दुकान, पुढे मंडपाचा बांबू. जागा नाही. धड धड धड धड. नायक शेवटचे शब्द बोलत होता, ते आईलासुद्धा ऐकू येईनात. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग मेलेल्या अवस्थेतून उठून बसला, मंडपामागे हात करून गरजला, ‘त्या जीपले पयले मारा रे बाप्पा, मी मंग मरतो!’

वन्स मोअर मिळाला. त्या कंपनीनं पुढे ते वाक्य ठेवून दिलं असं म्हणतात. आमची जीप नसलेल्या गावांतही.

लाल वहीतला हिशोब मात्र पूर्ण व्हायला तयार नव्हता. काशी झाली नाही, रामेश्वर झालं नाही, कारण पंप-नोझलचं काम निघालं. आणि पंप-नोझलवाला म्हणजे मिस्त्रीच्याही वरचा, डोळ्यांचा डॉक्टर जसा साध्या डॉक्टरशी बोलतो तसा. मग २०१४च्या ऑक्टोबरात सरकारनं डिझेलच्या भावावरचा ताबा सोडला. पेट्रोलच्या भावात आणि डिझेलच्या भावात जी ऐसपैस जागा होती, जिच्यात मामांचं सगळं अर्थशास्त्र वस्तीला होतं, ती वर्षावर्षाला आक्रसत गेली. भागाकारातला खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं होतं हे मामांना कळत होतं. त्यांनी एकदा गणित करून पाहिलं. रामेश्वरच्या पुढे समुद्र आहे, म्हणून थांबले. २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कंपनीनं जशी गाडी बनवली तिच्यात मालकानं मनमानी बदल करायचे नाहीत. मामांनी ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘आता नव्या पोट्ट्यायनं जीप कसी करावं?’ चिंता खरी होती.

गेल्या पावसाळ्यात मी गेलो तर मामा उत्साहात. पेट्रोलमध्ये आता शेकडा २० इथेनॉल मिसळतात, हे त्यांना कळलं होतं. आणि ते इथेनॉल उसाबरोबरच तांदळापासून, कनकीपासूनही काढतात हेही कळलं होतं. कनकी म्हणजे मिलमध्ये धान भरडताना फुटलेला तांदूळ. मामांच्या मिलमध्ये ती ढिगानं निघते. ‘म्हंजे पाय,’ मामा मला म्हणाले, ‘आपलीच कनकी पेट्रोलमंदी जाते. आपलाच माल आपन डिझेलवर चालून तोट्यात टाकून रायलो!’ लाल वही मांडीवर होती. नवं पान, वर ‘श्री’.

आम्ही गोदामात गेलो. हरिकेन बारदान्यावर तसंच होतं. कोंबड्यांच्या कैक पिढ्या त्याच्यावर झाल्या होत्या. मिस्त्री आता नाही. त्याचा पोरगा आला होता, कानात मोबाइलची वायर. त्यानं कोंबडी बाजूला केली, वाकून पाहिलं. इथेनॉलनं जुनं रबर खाल्लं जातं, ते सगळं बदलावं लागेल, कार्ब्युरेटरचं किट लागेल, बाकी बॉनेटला केलेलं भोक तेवढं उरतं, त्यातून हवा मिळेल.

‘बसते का पन?’ मामांनी विचारलं.

‘आपलंच तं हाये मालक. बसते.’

मामांनी वहीत आकडे मांडायला सुरुवात केली. मामी दारात येऊन उभ्या होत्या.

‘मांडा, मांडा,’ त्या म्हणाल्या. ‘पन पयलं रामेश्वर बाकी हाये. थे खाली लिवा.’